भंडारदऱ्याचे पाणी

संगमनेरच्या बाजारपेठेत तेलाचे आणि किराण्याचे एक जुने घाऊक दुकान आहे. पंधरा किलोचे पत्र्याचे डबे तेथे रोज रिकामे होतात. अशा डब्याला मागणी असते. कोणी धान्य साठवायला नेतो, कोणी वरचा पत्रा कापून पाणी तापवायला नेतो, आणि भंगारवाला तर दारातच उभा असतो. अखंड डब्याला जो भाव येतो तो भोक पडलेल्या डब्याला येत नाही, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. तरीही या दुकानातून रिकामा डबा बाहेर जाण्यापूर्वी त्याच्या तळाला खिळा ठोकला जातो. तीन पिढ्या हे चालू आहे. शेजारचे दुकानदार पूर्वी हसत, पुढे त्यांनाही सवय झाली. हमालांचा समज असा, की आपल्या डब्यात दुसऱ्या कोणी हलके तेल भरून विकू नये म्हणून शेठ ही खबरदारी घेतात. हल्ली गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाचाही समज तोच होता. त्याने वडिलांना कधी विचारले नाही. आपल्या घरांतून वडिलांना असे प्रश्न विचारले जात नाहीत.

त्या घरात आणखी एक गोष्ट पाळली जाई. नदीवर कोणी जात नसे. प्रवरा गावाला लागून वाहते, म्हाळुंगी तेथेच तिला मिळते, सगळे गाव नदीच्या आधाराने उभे आहे. पण या घरातील मुलांना पुलावरून पाणी बघण्यापलीकडे परवानगी नव्हती. विहीर नाही, कालवा नाही, सहलीला गेल्यावर धबधबाही नाही. त्यामुळे घरातील एकाही पुरुषाला पोहता येत नव्हते, आणि बायकांचा तर प्रश्नच नव्हता. थोरल्या नातीने पुण्याला शिकत असताना वसतिगृहाजवळच्या तलावात दोन उन्हाळे पोहण्याचे शिक्षण घेतले होते. हे तिच्या आईला ठाऊक होते. दादाजींना नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाण्याचे ठरले ते बारा वर्षांच्या नातवाच्या हट्टामुळे. त्याच्या वर्गातील मुलांनी काजवे पाहिले होते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दोन रात्री, अकरा माणसे. सूनबाईंनी तंबूवाल्याला दूरध्वनी करून आधीच सगळे स्पष्ट केले: कांदा, लसूण, बटाटा नको, संध्याकाळचे जेवण दिवस असतानाच हवे, पाणी उकळून, गाळून. तो शेंडी गावचा महादेव कोळी समाजातील शेतकरी. पावसाळ्यात भात लावतो आणि इतर दिवसांत काठावरच्या आपल्या शेतात पर्यटकांसाठी आठ-दहा तंबू उभारतो. त्याला या अटींचे काहीच नवल वाटले नाही. “मग पाचालाच चूल पेटवतो,” एवढेच तो म्हणाला.

नवल घरच्यांना वाटले ते निघण्याच्या आदल्या दिवशी. दादाजी म्हणाले, “मीही येतो. धरण बघायचे राहिले आहे.”

त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात व्यापाराच्या निमित्ताने त्यांनी इंदूर, राजकोट, मुंबई असे सगळे केले होते. साठ किलोमीटरवरचे भंडारदरा मात्र त्यांनी पाहिले नव्हते.

संगमनेरहून अकोले, तेथून राजूर आणि पुढे शेंडी, असा हा रस्ता आहे. अकोल्यापर्यंत ऊस आणि डाळिंबे सोबत करतात. राजूरनंतर जमीन एकदम बदलते. शेताचे तुकडे लहान होतात, बांध दगडी होतात आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ सरकतात. वाटेत रंधा धबधबा लागतो. सुमारे १७० फुटांचा हा कडा पावसाळ्यात पांढराशुभ्र असतो. मे महिन्यात तेथे काळा कातळ आणि खाली घळईत हिरवट पाणी तेवढे दिसते. मुलांनी उतरायचा हट्ट धरला नाही, कारण दादाजी गाडीतून उतरलेच नाहीत.

धरणावर मात्र ते उतरले. विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. दगडी बांधणीची ही भिंत सुमारे २७० फूट उंच आहे आणि तिच्यामागे अकरा टीएमसी पाणी मावते. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातला ऊस, साखर कारखाने आणि त्यांच्यामागोमाग आलेली बाजारपेठ या भिंतीवर उभी राहिली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. संगमनेर, श्रीरामपूर, राहाता या गावांतील कितीतरी जैन पेढ्यांच्या भरभराटीचा पाया या दगडांत आहे. तिकडच्या व्यापाऱ्याला पावसाचा अंदाज कळला नाही तरी चालते, पण भंडारदरा किती भरले हे त्याला तोंडपाठ असते.

त्या दिवशी उन्हाळी आवर्तन चालू होते. धरणाखाली नदीच्या खडकांवरून पाणी फेसाळत जात होते. धरणाच्या पायथ्याशी असलेला छत्रीच्या आकाराचा प्रसिद्ध धबधबा ठरावीक मोरीतून पाणी सोडले तरच दिसतो. तो काही दिसला नाही, म्हणून मुले हिरमुसली. दादाजी त्या वाहत्या पाण्याकडे बराच वेळ पाहत उभे होते.

“हे पाणी आपल्या गावाला किती वेळात येते?” त्यांनी तंबूवाल्याला विचारले.

“आता मधी निळवंडं हाय, शेठ. आधी त्यात जातं, मग तिथनं सोडत्यात. पूर्वी सरळ जायाचं.”

“हो. पूर्वी सरळ यायचे,” दादाजी म्हणाले.

तंबू जलाशयाच्या काठापासून पन्नास-साठ पावलांवर होते. मे महिन्यात पाणी खूप आत गेलेले असते, त्यामुळे काठ म्हणजे भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा. पलीकडे रतनगडाचा माथा आणि त्याचा खुट्टा दिसत होता. सहा वाजता तांदळाची भाकरी, पिठले, वरण आणि कैरीचे लोणचे असे साधे जेवण झाले. शेजारच्या तंबूंतील पुण्या-मुंबईची मंडळी तेव्हा चहा घेत होती. त्यांची रात्र अजून सुरू व्हायची होती. सूर्यास्तापूर्वी जेवून घेणाऱ्यांना काजवे पाहायला सगळी संध्याकाळ मोकळी मिळते, हा एक अनपेक्षित लाभ त्या दिवशी सर्वांच्या ध्यानात आला.

काजव्यांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. पावसाच्या आधीचे हे थोडे आठवडे त्यांच्या मीलनाचे असतात. प्रौढ काजवा फार दिवस जगत नाही, आणि चमकणे हीच त्याची जोडीदाराला घातलेली साद. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि कधी कधी सगळे झाड एका तालात उजळते नि विझते. मोटारीचे दिवे किंवा विजेरीचा झोत पडला की ती साद हरवते. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झाले. तरी शनिवार-रविवारी येथे वाहनांची अशी रांग लागते, की काजव्यांपेक्षा दिव्यांचाच उजेड जास्त. चातुर्मासात पायाखालच्या जिवांसाठी प्रवास टाळणाऱ्या समाजाने मे महिन्यात मोटारीचे दिवे लावून काजव्यांच्या झाडाखाली उभे राहावे, यातील विसंगती कोणी दाखवून द्यावी लागू नये. या कुटुंबाने गाडी तंबूपाशीच ठेवली आणि सगळे पायी गेले. नातवाने विजेरीही लावली नाही. अंधारात दादाजींचा हात मात्र त्याने घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी कळसूबाईला जायचे मूळचे ठरले होते. महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून वाट निघते, अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत आणि माथ्याच्या थोडे अलीकडे एक विहीर आहे. पण त्या वाटेवर सावली जवळजवळ नाही. मे महिन्यात लहान मुले आणि प्रौढ बायका घेऊन तिकडे जाऊ नये, असे तंबूवाल्याने ठणकावून सांगितले. ज्यांना जायचेच असेल त्यांनी पहाटे चारला निघून आठच्या आत माथा गाठावा, नाही तर दिवाळीनंतर यावे. त्याने पैसे मिळवून देणारा वाटाड्या देऊ केला असता तर कोणी नाही म्हटले नसते. त्याने तो दिला नाही, हे नोंदवण्यासारखे आहे.

त्याऐवजी रतनगड ठरला. जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला गेले की अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर लागते. त्याच्या खांबांवरील आणि भिंतींवरील कोरीव काम पाहण्यात तास जातो. जवळच पायऱ्यांची चौकोनी पुष्करणी आहे. तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत, आणि हौशी पर्यटक येथेही अंघोळीला उतरू पाहतात, हे खेदाने सांगावे लागते. येथून गडाची वाट सुरू होते. सुरुवातीला ती ओढ्याच्या पात्रातून आणि दाट झाडीतून जाते. हा ओढा म्हणजेच प्रवरा. जिच्यावर सगळा जिल्हा जगतो ती नदी येथे एका उडीत ओलांडता येते, आणि मे महिन्यात उडीचीही गरज नसते. झाडीतून वर गेल्यावर लोखंडी शिड्या, मग दरवाजे, आणि शेवटी माथ्यावरचे नेढे: कड्याच्या आरपार पडलेले मोठे भोक, त्यात बसून दोन्हीकडचा प्रदेश न्याहाळता येतो. वारा असा येतो की टोपी राहत नाही.

मुलगा, नात, नातू आणि दोन चुलत भावंडे असे पाच जण पहाटे पाचला चढू लागले. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी होते. नेढ्यापर्यंत जाऊन ते बाराच्या सुमारास खाली आले तेव्हा चेहरे तांबडेलाल झाले होते, कपडे मिठाने पांढरे पडले होते. दादाजी आणि बायका मंदिराजवळच्या सावलीत थांबले होते. परत तंबूवर आल्याबरोबर नातू बूट काढून थेट जलाशयाकडे पळाला.

त्याला तंबूवाल्याने धरले. दंडाला धरून मागे ओढले, शब्दशः.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत अशा पाण्याची वर्णने फार गोड असतात. खरी स्थिती या शेतकऱ्याने त्या दुपारी ज्या शब्दांत सांगितली त्याचा सारांश असा. जलाशयाचा काठ सरळ उतरत नाही. खाली जुन्या जमिनीचे टप्पे आहेत, वर गाळ बसला आहे. चार पावले गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला तळच नाही. गाळात पाय रुतला की माणूस घाबरून जोर लावतो आणि अधिक रुततो. उन्हात वरचा हातभर थर कोमट होतो, त्याखाली पाणी बर्फासारखे. तापलेल्या अंगाने त्यात उडी घेतली की श्वास एकदम आत ओढला जातो, आणि तो श्वास पाण्याखाली घेतला गेला तर पोहता येणारासुद्धा उरत नाही. म्हणून जलाशयात पोहायला मनाईच आहे, आणि ती योग्य आहे. रंध्याखालच्या डोहात पाणी आतल्या आत फिरते. धरणाखालच्या नदीत पाणी केव्हा वाढेल ते काठावरच्या माणसाला कळत नाही. साम्रदच्या सांदण दरीत दोन ठिकाणी पाण्यातून जावे लागते, तेथे कमरेच्या वर पाणी असू शकते आणि ऊन पोहोचत नसल्याने ते कायम गार असते. पण ते पोहण्याचे पाणी नव्हे, ओलांडण्याचे आहे. पावसाळ्यात तर त्या दरीकडे फिरकूच नये, कारण सगळ्या डोंगराचे पाणी त्याच चिंचोळ्या फटीतून कोकणाकडे कोसळते.

“बुडणारा वराडत नसतो, शेठ,” तो म्हणाला. “शिनेमात वराडतो. इथं गप जातो. बाजूला चार माणसं जेवत असत्यात.”

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या ओढ्यातून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले होते. पाणी वाढत असताना ते एकमेकांना धरून मधोमध उभे होते, आणि काठावरचे लोक पाहत होते. ते दृश्य त्या वेळी घरोघरी भ्रमणध्वनीवर पाहिले गेले. दोन आठवडे लोक हळहळले, मग पुढचा शनिवार-रविवार आला.

नातवाचा चेहरा पडला होता. तेव्हा तंबूवाला म्हणाला, “पाण्यातच जायाचं तर आमच्या पोरांच्या बांधावर चला.”

गावाच्या वरच्या अंगाला एका ओढ्यावर सिमेंटचा छोटा बंधारा होता. त्यामागे मे महिन्यातही छातीइतके पाणी शिल्लक होते. तळ खडकाचा, गाळ नाही, वाहती धार नाही, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फार तर वीस हात. गावातील सात-आठ मुले तेथे खेळत होती. काठावर दोर पडला होता आणि एक म्हातारे गृहस्थ विडी ओढत त्यांच्यावर नजर ठेवून होते. मुलांतील सर्वांत लहान, सहा-सात वर्षांचा असेल, त्याच्या पाठीला सुंभाने काहीतरी बांधले होते. तो पाण्यात हातपाय मारत होता आणि पाठीवरची वस्तू उन्हात चमकत होती.

तो तेलाचा डबा होता. पंधरा किलोचा, तोंड झाळून बंद केलेला.

दादाजी चालताना थांबले आणि बांधावरच्या दगडावर बसले. सूनबाईंना वाटले त्यांना ऊन लागले, म्हणून त्या पाण्याची बाटली घेऊन धावल्या. त्यांनी हातानेच नको म्हटले. थोड्या वेळाने त्यांनी नातीला जवळ बोलावले. “बेटा, तुला पोहता येते ना?”

नात गप्प राहिली. मग म्हणाली, “हो दादाजी.”

“तुझा तो ओला टॉवेल दोन वर्षांपूर्वी गच्चीवर पाहिला होता मी.”

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मुलगा, सून आणि नात अशा तिघांनी ऐकले. नातू तोवर पाण्याच्या कडेला पाय सोडून बसला होता.

ते नऊ वर्षांचे होते, थोरला भाऊ तेरा वर्षांचा. वडिलांनीच दुकानातील एक रिकामा डबा झाळून घेतला होता. मुलाने पोहायला शिकावे असे त्यांना वाटे. त्या काळी गावात सगळे असेच शिकत, कोणी डब्यावर, कोणी वाळलेल्या भोपळ्यावर. उन्हाळ्यात प्रवरेचे पात्र सुकून जाई आणि ठिकठिकाणी डोह उरत. भाऊ महिनाभर एका डोहात शिकत होता. त्याची एक वाळूची उथळ पट्टी होती; दमला की तो तेथे जाऊन उभा राही. मग भंडारदऱ्याचे आवर्तन सुटले, दरसाल सुटे तसेच. गावातील सगळी मुले नव्या पाण्यात जायला नाचत असत. त्या दिवशी भावाने डबा पाठीला बांधला, तेव्हा धाकट्याने रडून गोंधळ घातला. मलाही एकदा डबा पाहिजे. भावाने डबा सोडला आणि याच्या पाठीला बांधला. दोन गाठी मारल्या. म्हणाला, आता मला नाही लागत.

“मी तरंगत होतो,” दादाजी म्हणाले. “धारेने मला खाली नेले, तर धुणे धुणाऱ्या बायकांनी ओढून घेतले. तो त्याच्या वाळूकडे गेला होता. वाळू तिथेच होती, पण पाणी तिच्यावर दोन पुरुष चढले होते. त्याने पाय टेकायला सोडले असणार.”

डबा घरी आला तो याच्या पाठीवर. वडिलांनी तो अंगणात ठेवून खिळ्याने त्याला भोक पाडले, आणि पुढे दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक डब्याला. डब्याने मुलाला धीट केले, असे ते अखेरपर्यंत मानत. डबा त्या दिवशी कोणाच्या पाठीवर होता आणि का होता, हे सर्वांना दिसले होते. तरी धाकट्याने तो रडून मागितला होता हे कोणाला ठाऊक नव्हते. वडील गेले, आई गेली, आणि खिळा ठोकणे याने चालू ठेवले.

कोणीच काही बोलले नाही. मुलाने, ज्याने आयुष्यभर भेसळीचे कारण खरे मानले होते, वडिलांच्या पायांजवळ बसून नुसते त्यांचे गुडघे धरले. क्षमापनेच्या दिवशी प्रत्येकाकडे हात जोडून जाणाऱ्या या गृहस्थांनी साठ वर्षांहून अधिक काळ एक नाव मनातच ठेवले होते. ज्याच्याकडे क्षमा मागायची तोच नव्हता.

मग दादाजी नातीला म्हणाले, “त्याला शिकव.”

“इथे, दादाजी?”

“इथेच. मी बसलो आहे.”

नात पूर्ण कपड्यांनिशी पाण्यात उतरली. पोहण्याचा पोशाख तिने आणला नव्हता, आणि आणला असता तरी तेथे घातला नसता. ओल्या सलवारीचे ओझे किती होते ते पहिल्याच चार हातांत तिच्या लक्षात आले, आणि ती मुकाट्याने काठाजवळ आली. तेथे तिचे पाय टेकत होते. तंबूवाल्याने नातवाच्या कमरेला दोर बांधून दुसरे टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळले. गावच्या त्या लहान मुलाने आपला डबा सोडून दिला, थोडा नाखुशीने. नातवाच्या पाठीला तो बांधताना सूनबाईंचे हात थरथरत होते. दादाजी उठले, जवळ गेले आणि गाठ त्यांनी स्वतः मारली. दोन गाठी.

पहिल्या दिवशी कोणी पोहायला शिकत नाही. नातवाने नाकातोंडात पाणी घेतले, खोकला, रडकुंडीला आला, पुन्हा गेला. नातीने त्याला एवढेच शिकवले: तोंड वर ठेवायचे, छाती फुगवायची, हात पसरून पडून राहायचे, आणि घाबरले तरी पाण्याला मारायचे नाही. पोहण्याआधी तरंगणे शिकावे लागते, हे तलावावरचा कोणीही शिक्षक सांगेल. दुसरे तिने सर्वांनाच बजावले. कोणी बुडताना दिसला तर ज्याला उत्तम पोहता येत नाही त्याने मागे उडी मारायची नाही. दोर, ओढणी, काठी, रिकामी कळशी, जे हाती लागेल ते फेकायचे. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडतो, आणि अशा बातम्यांत बहुधा दोन्ही नावे एकाच घरातील असतात.

ऊन कलले तेव्हा तंबूवाल्याने आठवण केली, “शेठ, पाच वाजले. चूल.” सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघताना दादाजींनी गाडी पुन्हा धरणापाशी थांबवायला सांगितली. आवर्तन चालूच होते. या वेळी नातूही त्यांच्याबरोबर कठड्यापाशी उभा राहिला आणि विचारू लागला, हे पाणी आपल्याकडे येते का, आपल्या पुलाखालून जाते का, पुढे कुठे जाते. दादाजींनी त्याला ओझरचा बंधारा, तेथून फुटणारे उजवा आणि डावा कालवा, आणि शेवटी गोदावरीला मिळणारी प्रवरा असे सगळे समजावून सांगितले. इतके तपशील त्यांना ठाऊक असतील अशी घरात कोणाची कल्पना नव्हती.

आता नातवाला शिकवायचे कोठे, हा प्रश्न परतीच्या वाटेवर गाडीत चर्चिला गेला. एका नातेवाइकाच्या शेततळ्याचे नाव निघाले, ते नातीने तत्काळ फेटाळले. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते, उतार घसरडा असतो, आणि आत पडलेल्या माणसाला धरायला काहीच नसते; पोहता येणारेही त्यातून वर येत नाहीत. शेवटी एका जुन्या गिऱ्हाइकाची पायऱ्यांची विहीर ठरली. नात सुटीचे उरलेले दिवस रोज सकाळी त्याला तेथे नेणार, आणि दोर धरायला त्याचे वडील जाणार, ज्यांना स्वतःला पोहता येत नाही.

सोमवारी दुकान उघडले. नेहमीप्रमाणे हमालाने आदल्या आठवड्याचे रिकामे डबे ओळीने उपडे मांडले आणि खिळा व हातोडी घेतली. दादाजी सहसा सकाळी दुकानात येत नसत, त्या दिवशी आले. ओळीतील एक डबा त्यांनी उचलला, उजेडाकडे धरून त्याचे सांधे तपासले, ठेवला, दुसरा उचलला. तो त्यांना पसंत पडला.

“शेठ, याला?” हमालाने हातोडी उचलून विचारले.

“राहू दे. पत्र्याच्या कामवाल्याकडे पाठव, तोंड झाळून आण म्हणावे. नीट झाळायला सांग.”

हमालाने डबा बाजूला ठेवला आणि पुढच्या डब्याला खिळा लावला.